क्रिटिकल हीट फ्लक्सवर मशीन लर्निंग: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

अणुभट्टीतल्या उष्णतेच्या हिशेबावर मशीन लर्निंग करायचंय, असं म्हणणारे बरेच जण भेटतात. मेकॅनिकल किंवा केमिकलचं एमटेक चालू असतं, पायथन बऱ्यापैकी येत असतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "कुठलं नेटवर्क घेऊ?" त्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं, ते पुढे सातव्या पायरीत दिलंय. खरा वेळ जातो तो दुसरीकडेच. मॉडेलला कुठले आकडे दाखवायचे, कुठले लपवायचे आणि परीक्षेसाठी कुठले बाजूला ठेवायचे, यावर तुमच्या निकालाला काही अर्थ आहे की नाही हे ठरतं. म्हणून हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

विषय मुद्दाम एकच धरलाय: उभ्या, गोल, सगळीकडून सारख्या तापवलेल्या नळीतला क्रिटिकल हीट फ्लक्स, म्हणजे सीएचएफ: पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे दर सेकंदाला जाणाऱ्या उष्णतेची (हीट फ्लक्सची) ती मर्यादा, जिच्यापुढे पाणी उष्णता नीट उचलू शकत नाही. कारण साधं आहे. याचा डेटा भरपूर आहे, फुकट आहे, आणि जुन्या पद्धती इतक्या चांगल्या आहेत की तुमचं मॉडेल खरंच काही करतंय का हे लगेच उघडं पडतं. ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेनेही मशीन लर्निंगच्या आपल्या सामाईक चाचणीसाठी हाच विषय निवडला.

काय काय हाताशी ठेवाल

- नुरेग/केएम-००११ हा अहवाल. अमेरिकेच्या न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशनने २०१९ साली काढलेला. यात साडेचोवीस हजारांहून जास्त प्रयोगबिंदू आहेत.
- ग्रोएनेव्हेल्ड आणि सहकाऱ्यांचं २००६ चं लुकअप टेबल, म्हणजे प्रयोगांवरून बनवलेला सीएचएफचा तयार तक्ता. तुलनेसाठी हे लागणारच.
- पाणी-वाफेचे गुणधर्म काढायला आयएपीडब्ल्यूएस-आयएफ९७ किंवा कूलप्रॉप. छापील स्टीम टेबलही जवळ ठेवा, पडताळणीला बरं पडतं.
- पायथन, पांडाज, सायकिट-लर्न, आणि हवं तर पायटॉर्च.
- साधा लॅपटॉप. पंचवीस हजार ओळींसाठी ग्राफिक्स कार्ड विकत घेऊ नका.

१. आधी प्रकार काय आहे ते समजून घ्या

तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की थेंब लगेच न आटता तुरुतुरु पळत राहतात, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलंय. थेंबाखाली वाफेचा पापुद्रा तयार होतो आणि तव्याची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. इंधनसळीच्या पृष्ठभागावर असंच काहीसं झालं की प्रश्न गंभीर होतो, कारण तवा खाली उतरवता येतो, पण सळीतली उष्णता आतून निर्माण होतच राहते. ती जायला वाट उरली नाही की पृष्ठभागाचं तापमान क्षणात शेकडो अंशांनी चढतं. जपानच्या शिरो नुकियामा यांनी १९३४ साली पाण्यात तापवलेल्या तारांवर उकळण्याचा आलेख काढला, तेव्हा नायक्रोमची तार याच टप्प्यावर वितळली होती. म्हणून जुन्या लिखाणात याला सर्रास 'बर्नआउट' म्हटलेलं आढळेल.

याचे दोन चेहरे आहेत. पाणी अजून बऱ्यापैकी थंड, वाफ कमी, आणि भिंतीलगत बुडबुड्यांची इतकी दाटी की पाणी भिंतीला टेकतच नाही: हा डीएनबी (डिपार्चर फ्रॉम न्यूक्लिएट बॉइलिंग). साधारण १५.५ मेगापास्कल दाबाच्या पीडब्ल्यूआरमध्ये (पाणी दाबाखाली ठेवून उकळू न देणाऱ्या भट्ट्यांत), म्हणजे आपल्याकडे कुडनकुलमच्या जातीच्या भट्ट्यांत, काळजी याची. दुसरा प्रकार ड्रायआउट. नळीत मधून वाफ धावते, भिंतीवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि तो वाटेत संपतो. १९६९ पासूनच्या तारापूर १ आणि २ या बीडब्ल्यूआर, म्हणजे पाणी भट्टीतच उकळवणाऱ्या भट्ट्या, आहेत, तिथे दाब ७ मेगापास्कलच्या आसपास असतो आणि हिशेब ड्रायआउटचा करावा लागतो.

दोन्ही वेगळ्या घटना आहेत, पण डेटाबेसमध्ये एकाच रकान्यात 'सीएचएफ' म्हणून बसलेल्या आहेत. मॉडेल आलेखात मध्येच वाकडंतिकडं वागलं तर आधी पाहा, आपण एका प्रकारातून दुसऱ्यात तर जात नाही ना.

२. डेटा आणा, आणि त्याच्यावर लगेच विश्वास टाकू नका

डेटाबेसची व्याप्ती मोठी आहे. व्यास सुमारे २ ते १६ मिलिमीटर, लांबी काही सेंटिमीटरपासून १५ मीटरपर्यंत, दाब ०.१ ते २० मेगापास्कल, मास फ्लक्स (नळीच्या छेदाच्या दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला जाणारं पाणी) ८ पासून जवळजवळ ८,००० किलो प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. सीएचएफ स्वतः ५० पासून १६,००० किलोवॅट प्रति चौरस मीटरच्याही वर जातो. प्रयोग अनेक देशांतले आणि अनेक दशकांतले: थॉम्पसन आणि मॅकबेथ यांनी ब्रिटनमध्ये १९६४ साली एकत्र केलेला संग्रह, स्वीडनमधले बेकर यांचे प्रयोग, असे कितीतरी. प्रत्येक ओळीसोबत तो बिंदू कुठल्या स्रोतातून आला याची नोंद आहे. हा रकाना निरुपयोगी समजून उडवू नका. पाचव्या पायरीत सगळी मदार त्याच्यावर आहे.

तक्ते पीडीएफमधून उचलत असाल तर उणे चिन्हावर लक्ष ठेवा. पीडीएफमधलं उणे पुष्कळदा लांब आडव्या रेघेच्या रूपात येतं, आणि मग वाचताना तो आकडा रिकामा तरी होतो किंवा गुपचूप अधिक होतो. इथे उणे आकड्याला अर्थ आहे. समतोल क्वालिटी, म्हणजे वजनाच्या हिशेबाने वाफेचा वाटा, उणे असली तर पाणी अजून उकळबिंदूच्या खाली आहे. डेटाबेसमध्ये ती उणे ०.५ पर्यंत जाते. फाइल वाचून झाली की सगळ्यात आधी उणे क्वालिटीच्या ओळी मोजा. शून्य आल्या तर काय झालं ते कळेलच.

एककं मिसळू नका. दाब किलोपास्कलमध्ये, गुणधर्मांची लायब्ररी मात्र पास्कल किंवा मेगापास्कल मागते, तापमान कुठे सेल्सिअस कुठे केल्विन. सगळं एकदाच बदलून घ्या आणि रकान्याच्या नावातच एकक लिहा.

३. प्रत्येक ओळीचा हीट बॅलन्स हाताने मांडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. नळीच्या भिंतीतून जेवढी उष्णता आत गेली तेवढी पाण्याने उचलली, एवढंच समीकरण (एन्थाल्पी म्हणजे किलोमागे पाण्याने धरलेली उष्णता; 'आतली' म्हणजे नळीत शिरतानाची, 'बाहेरची' म्हणजे बाहेर पडतानाची):

बाहेरची एन्थाल्पी = आतली एन्थाल्पी + (४ × हीट फ्लक्स × लांबी) ÷ (मास फ्लक्स × व्यास)

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. दाब ७ मेगापास्कल, व्यास ८ मिलिमीटर, लांबी २ मीटर, मास फ्लक्स १,५००, आत येणारं पाणी २६० अंश सेल्सिअस, आणि हीट फ्लक्स १,५०० किलोवॅट प्रति चौरस मीटर धरा. ४ × १,५०० × २ म्हणजे १२,०००. त्याला १,५०० × ०.००८, म्हणजे १२ ने भागलं की १,००० किलोज्यूल प्रति किलो. आतल्या पाण्याची एन्थाल्पी साधारण १,१३४, म्हणून बाहेर २,१३४. या दाबाला उकळत्या पाण्याची एन्थाल्पी सुमारे १,२६७ आणि बाष्पीभवनाची सुप्त उष्णता सुमारे १,५०५. तेव्हा क्वालिटी = (२,१३४ − १,२६७) ÷ १,५०५ = ०.५८ च्या जवळपास.

हे प्रत्येक ओळीसाठी करा आणि नोंदवलेल्या क्वालिटीशी ताडून पाहा. किंचित फरक असणारच, कारण जुन्या प्रयोगांत वापरलेली स्टीम टेबलं वेगळी होती. पण फरक मोठा असेल तर ती ओळ बाजूला काढून स्वतंत्र यादीत ठेवा. का काढली ते लिहा. २० मेगापास्कलजवळच्या ओळींना थोडी सूट द्या: पाण्याचा क्रिटिकल दाब २२.०६ मेगापास्कल, त्याच्या जवळ सुप्त उष्णता ६०० च्याही खाली घसरते आणि छोटा फरक क्वालिटीत फुगून दिसतो.

४. इनपुट निवडताना उत्तरच हातात देऊ नका

आता वरच्या समीकरणाकडे पुन्हा बघा. त्यात बाहेरची क्वालिटी आहे, आतलं तापमान आहे, लांबी, व्यास, मास फ्लक्स, दाब सगळं आहे. हे सगळेच्या सगळे तुम्ही मॉडेलला दिलेत तर हीट फ्लक्स काढायला सीएचएफचं काहीही कळावं लागत नाही. १,५०० × ०.००८ × १,००० ÷ ८, उत्तर १,५००. झालं. नेटवर्क हेच समीकरण पाठ करतं, चूक एक-दीड टक्क्यावर येते, आणि पोरं आनंदाने प्रबंध लिहायला बसतात.

लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे नळीच्या टोकाची क्वालिटी प्रयोगात कोणी मोजत नाही. ती मोजलेल्या हीट फ्लक्सवरूनच हिशेबाने काढलेली असते. म्हणजे तुमचं 'इनपुट' हे मुळात उत्तरातूनच जन्मलेलं आहे.

म्हणून दोनपैकी एकच वाट धरा.

पहिली वाट आतल्या स्थितीची: व्यास, लांबी, दाब, मास फ्लक्स आणि आत येणाऱ्या पाण्याचं तापमान किंवा सबकूलिंग (पाणी उकळबिंदूच्या किती खाली आहे ते). प्रयोग सुरू करण्याआधी जे माहीत असतं तेवढंच. इथे गळती, म्हणजे उत्तर इनपुटात झिरपणं, नाही. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

दुसरी वाट स्थानिक स्थितीची: व्यास, दाब, मास फ्लक्स आणि क्वालिटी. लुकअप टेबल याच पद्धतीचं आहे. भट्टीच्या कोडमध्ये जोडायला हीच सोयीची, कारण कोडला प्रत्येक ठिकाणची स्थानिक स्थिती माहीत असते. पण यात लांबी घालायचा मोह झाला तर सावध. आतलं तापमान दिलं नाही तरी ते काही वाटेल तेवढं नसतं, ठरावीक पट्ट्यातच असतं. क्वालिटी जास्त आणि नळी लांब असेल तर आतलं तापमान अंदाजाने धरूनही समीकरण बऱ्यापैकी जवळचं उत्तर देतं. गळती मागच्या दाराने आत येते.

ही गळती किती आहे ते तपासायला एक सोपा उपाय आहे. ट्रेनिंगच्या ओळींतून प्रत्येक दाबपट्ट्याची सरासरी आतली एन्थाल्पी काढा, ती समीकरणात घालून टेस्टच्या ओळींचा हीट फ्लक्स काढा. यात मशीन लर्निंग शून्य. तुमचं मॉडेल या बिनडोक हिशेबापेक्षा थोडंसंच सरस असेल तर ते काय शिकलंय हे समजून जा.

आणखी एक चोरवाट: मितीरहित आकडे. रेनॉल्ड्स, वेबर ठीक. पण बॉइलिंग नंबरच्या व्याख्येतच हीट फ्लक्स आहे. तो इनपुटात घातलेली उदाहरणं मी पाहिलेली आहेत.

५. ट्रेनिंग आणि टेस्टची वाटणी स्रोतानुसार करा

सायकिट-लर्नमध्ये एका ओळीत यादृच्छिक वाटणी होते आणि सगळे तीच करतात. इथे ती फसवी आहे. एकाच प्रयोगशाळेत, एकाच नळीवर, दाब तोच ठेवून मास फ्लक्स थोडा थोडा वाढवत घेतलेले बिंदू एकमेकांचे सख्खे शेजारी असतात. त्यातले आठ ट्रेनिंगमध्ये आणि दोन टेस्टमध्ये गेले, तर टेस्ट म्हणजे दोन ज्ञात बिंदूंमधली रिकामी जागा भरणं. त्या प्रयोगशाळेची मोजमापाची खास खोड, म्हणजे थर्मोकपल कुठे होते, बर्नआउट कधी झाला असं कशावरून ठरवलं, हेही मॉडेल सोबत शिकून घेतं.

त्यामुळे स्रोताच्या रकान्यावर ग्रुपकेफोल्ड (गट न फोडता डेटाचे भाग, म्हणजे फोल्ड, पाडणारी सायकिट-लर्नची सोय) लावा. एक अख्खा स्रोत एकतर ट्रेनिंगमध्ये असेल किंवा टेस्टमध्ये. चूक वाढेल, कधी दुपटीनेही. घाबरू नका, नव्या नळीवर तुमचं मॉडेल कसं वागेल याचा खरा अंदाज तोच. दोन्ही आकडे लिहा, यादृच्छिक वाटणीचा आणि स्रोतानुसार वाटणीचा. त्या दोहोंमधली दरी वाचणाऱ्याला पुष्कळ काही सांगते.

अडचण एवढीच की काही स्रोत प्रचंड मोठे आहेत आणि काहींत मोजकेच बिंदू आहेत, त्यामुळे फोल्ड समसमान पडत नाहीत. एखाद्या कोपऱ्यातला, समजा खूप कमी प्रवाहाचा, सगळा डेटा एकाच स्रोतातला असेल तर तो बाहेर काढल्यावर मॉडेल आंधळं होणारच. अशा फोल्डची चूक सरासरीत मिसळून टाकू नका, वेगळी दाखवा.

आकडे एका पट्टीवर आणणारा स्केलर फक्त ट्रेनिंगच्या ओळींवर बसवायचा, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगतो.

६. आधी लुकअप टेबल चालवून दाखवा

२००६ चं टेबल ८ मिलिमीटर व्यासाच्या नळीसाठी आहे. दाब, मास फ्लक्स आणि क्वालिटी या तीन अक्षांवर मधले आकडे काढायचे आणि दुसऱ्या व्यासासाठी (व्यास ÷ ८) चा उणे अर्धा घात गुणायचा. ३ ते २५ मिलिमीटरपर्यंत ही दुरुस्ती वापरतात. पाच-पंचवीस ओळींचं काम आहे. जोडीला १९६७ चं बियासी समीकरण किंवा १९७२ चं बाउरिंग समीकरणही घ्या.

आता तुलनेतला सापळा. टेबल वापरायच्या दोन रीती आहेत आणि चूक किती हे सांगणारे आकडे त्यांत जमीन-अस्मानाइतके वेगळे येतात. पहिल्या रीतीत प्रयोगातली क्वालिटी थेट घालून सीएचएफ वाचतात. दुसऱ्या रीतीत आतली स्थिती धरून हीट फ्लक्सचा अंदाज करायचा, त्यावरून क्वालिटी काढायची, टेबलात पाहायचं, आणि दोन्ही जुळेपर्यंत फिरत राहायचं. हिला हीट बॅलन्स पद्धत म्हणतात.

दुसऱ्या रीतीत चूक आपोआप आकसते. वरच्याच उदाहरणात हीट फ्लक्स १०० ने वाढला तर क्वालिटी सुमारे ०.०४४ ने वाढते. त्या भागात सीएचएफ क्वालिटीच्या प्रत्येक ०.०१ मागे ५० ने उतरतो असं समजा. मग टेबल तिथे २० टक्के जास्त सांगत असलं, तरी फिरून जुळवल्यावर उत्तरात चूक सहा टक्क्यांच्या आसपासच उरते. टेबल तेच, डेटा तोच, आकडा एक तृतीयांश.

तेव्हा स्वतःचं मॉडेल पहिल्या वाटेचं आणि टेबल थेट पद्धतीने चालवलेलं, अशी तुलना करू नका. तीत तुम्ही जिंकणारच आणि जाणकार वाचणारा ती ओळ पाहून लेख बाजूला ठेवणार. आतल्या स्थितीचं मॉडेल असेल तर समोर हीट बॅलन्स पद्धतीचं टेबल ठेवा. स्थानिक स्थितीचं असेल तर दोन्ही रीतींनी दोघांना चालवा.

हेही ध्यानात असू द्या की हे टेबल याच डेटावरून बनलेलं आहे. तुमच्या टेस्टच्या ओळी त्याने आधीच पाहिलेल्या आहेत. तुलनेत त्याला तेवढा फायदा मिळतोच, आणि तसं लिहिणं तुमच्याच हिताचं आहे.

७. मॉडेल

ग्रेडियंट बूस्टिंगने (एकामागोमाग लावलेल्या निर्णयवृक्षांनी) सुरुवात करा, मग तीन-चार थरांचं साधं न्यूरल नेटवर्क. एवढं पुरतं.

मास फ्लक्स आणि सीएचएफ यांचा लॉग घ्या, कारण दोन्ही कित्येक पटींत पसरलेले आहेत. तसं न केल्यास मॉडेल मोठ्या आकड्यांच्या मागे धावतं आणि कमी प्रवाहाचा भाग वाऱ्यावर सोडतं.

बूस्टिंगची झाडं पायऱ्या-पायऱ्यांचं उत्तर देतात. सरासरी चुकीत ते दिसत नाही, पण हे मॉडेल भट्टीच्या कोडमध्ये बसवायचं असेल तर तो जिना त्रास देतो. गॉसियन प्रोसेस करायची हौस असेल तर आधी मेमरीचा हिशेब करा: २४,५७९ ओळींचा पूर्ण मॅट्रिक्स साठवायलाच सुमारे ४.८ गिगाबाइट, आणि त्याचं विघटन करायचं ते निराळंच. दोन-तीन हजार निवडक बिंदूंवर करा.

माझी पसंती मिश्र पद्धतीला आहे. आधी टेबल किंवा बाउरिंगने अंदाज काढायचा आणि मॉडेलला फक्त मोजलेला भागिले अंदाज हे गुणोत्तर शिकवायचं. डेटा विरळ असेल तिथे गुणोत्तर एकच्या जवळ ठेवायला मॉडेलला भाग पाडता येतं, म्हणजे ते भरकटलं तरी जुन्या सूत्रापाशी परत येतं. फक्त मूळ अंदाज हीट बॅलन्सने काढताय की प्रयोगातली क्वालिटी थेट घालून, ते चौथ्या पायरीशी जुळवून घ्या. पहिल्या वाटेच्या मॉडेलला थेट काढलेला अंदाज दिला की क्वालिटी, म्हणजे पर्यायाने उत्तर, पुन्हा आत शिरतं.

८. चूक कशात मोजाल

आर-वर्ग विसरा. सीएचएफ ५० ते १६,००० पर्यंत पसरलेला असताना कुठलंही बरं मॉडेल ०.९८ दाखवतं. टक्केवारीतली सरासरी चूक आणि वर्गमूळ-सरासरी चूक द्या, शिवाय अंदाज ÷ मोजलेला या गुणोत्तराची सरासरी व विचलन. सुरक्षेच्या कामात सरासरीपेक्षा शेपूट महत्त्वाचं: किती बिंदूंत मॉडेलने खऱ्यापेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त सीएचएफ सांगितला? कमी सांगितला तर वीज कमी बनेल, जास्त सांगितला तर सळी जाईल. दोन्ही चुका एका तागडीत तोलू नयेत.

पीडब्ल्यूआरच्या परवान्याच्या कामात डीएनबीआर हे गुणोत्तर वापरतात, सूत्राने सांगितलेला सीएचएफ भागिले प्रत्यक्ष हीट फ्लक्स. टॉन्ग यांच्या डब्ल्यू-३ सूत्रासाठी त्याची किमान मर्यादा १.३० धरत आले आहेत. मर्यादा ठरवतात ती अशी की ९५ टक्के विश्वासाने ९५ टक्के संभाव्यता हाती असावी. तुमच्या मॉडेलच्या गुणोत्तरावरून अशी मर्यादा काढून पाहा. विचलन किती महागात पडतं ते तेव्हा कळतं.

९. आलेख कापून पाहा

चार गोष्टी स्थिर ठेवा, पाचवी बदला, आणि मॉडेलची रेघ काढा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सरासरीच्या आड लपलेले दोष इथेच सापडतात. काय दिसायला हवं ते आधी लिहून ठेवा:

- आतली स्थिती तीच ठेवून लांबी वाढवली तर सीएचएफ उतरायला हवा.
- आतली स्थिती तीच ठेवून मास फ्लक्स वाढवला तर चढायला हवा.
- स्थानिक पद्धतीत क्वालिटी वाढली की उतरायला हवा.
- स्थानिक पद्धतीत मास फ्लक्सचा परिणाम मात्र उलटतो. उणे किंवा कमी क्वालिटीला प्रवाह वाढला की सीएचएफ वाढतो, जास्त क्वालिटीला कमी होतो. वेगवान वाफ भिंतीवरचा पाण्याचा थर ओरबाडून नेते.

शेवटचा मुद्दा पाहून नवखे 'मॉडेल बिघडलं' म्हणून ते दुरुस्त करायला जातात. ते बिघडलेलं नसतं.

तिसऱ्या मुद्द्याला व्यवहारी बाजूही आहे. हीट बॅलन्स पद्धतीत उत्तर जुळवताना क्वालिटीसोबत सीएचएफ उतरत जातो असं गृहीत असतं. नेटवर्कच्या रेघेत मध्ये कुठे टेंगूळ असलं तर एकाऐवजी तीन उत्तरं निघू शकतात, आणि कुठलं मिळेल ते तुमच्या सुरुवातीच्या अंदाजावर ठरतं. बूस्टिंगमध्ये एकाच दिशेने जाण्याची अट घालता येते. नेटवर्क वापरत असाल तर निदान पूर्ण पट्ट्यावर उत्तरं मोजून घ्या.

१०. मॉडेलला 'मला माहीत नाही' म्हणायला शिकवा

वेगवेगळ्या सुरुवातींनी पाच-दहा नेटवर्क शिकवा आणि त्यांच्यातला मतभेद पाहा. मतभेद जास्त तिथे भरवसा कमी. हा अंदाज खरा आहे का ते पुन्हा स्रोतानुसार वाटणीवरच तपासा: ९५ टक्क्यांचा पट्टा सांगितला असेल तर बाहेर ठेवलेल्या स्रोतांचे खरंच तेवढे बिंदू त्यात पडतात का? पहिल्या खेपेला क्वचितच पडतात. मग पट्टा रुंद करावा लागतो.

'इनपुट व्याप्तीत आहे' एवढं पाहून थांबू नका. दाब व्याप्तीत, मास फ्लक्स व्याप्तीत, लांबी व्याप्तीत, पण तिन्ही मिळून जो कोपरा बनतो तिथे एकही प्रयोग झालेला नाही, असं सहज होतं. जवळच्या दहा ट्रेनिंग-बिंदूंचं सरासरी अंतर काढा आणि ते ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की उत्तरासोबत इशारा द्या.

११. नळीवरून भट्टीकडे जाताना

इथवर जे बनलं ते नळीचं मॉडेल आहे. भट्टीत नळीच्या आत पाणी नसतं, सळ्यांच्या जुडीच्या मधून वाहतं. सळ्यांमध्ये स्पेसर (अंतर राखणारे आधार) असतात, उष्णता वरपासून खालपर्यंत सारखी नसते, कडेच्या सळीची स्थिती मधल्या सळीपेक्षा वेगळी. लुकअप टेबलवाल्यांनी यासाठी व्यास, जुडीची रचना, स्पेसर, तापलेली लांबी, उष्णतेचं वाटप, प्रवाहाची दिशा असे वेगवेगळे गुणक दिलेले आहेत. तुमच्या मॉडेलला निदान तेवढे तरी लागतील.

आपल्याकडच्या पीएचडब्ल्यूआरमध्ये (जड पाण्याच्या भट्ट्यांत) तर नळ्या आडव्या आहेत. २२० मेगावॉटच्या भट्ट्यांत १९ सळ्यांची जुडी, तारापूर ३ आणि ४ सारख्या ५४० च्या भट्ट्यांत आणि ७०० च्या भट्ट्यांत ३७ सळ्यांची. आडव्या वाहिनीत प्रवाह मंदावला की वाफ वर आणि पाणी खाली बसतं, वरच्या सळ्या आधी कोरड्या पडतात. उभ्या नळीच्या पंचवीस हजार बिंदूंत यातलं काहीही नाही. त्यामुळे निष्कर्षात "भारतीय भट्ट्यांसाठी उपयुक्त" असं वाक्य टाकण्याआधी दोनदा विचार करा. मुलाखतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं कोणी समोर बसलं असेल तर पहिला प्रश्न तिथेच येईल.

काम दुसऱ्याच्या हाती देताना कोड आणि शिकवलेल्या मॉडेलसोबत या चार गोष्टी द्या: बाद केलेल्या ओळींची कारणांसह यादी, कुठला स्रोत कुठल्या फोल्डमध्ये होता त्याचा तक्ता, स्टीम टेबलच्या लायब्ररीची आवृत्ती, आणि तिसऱ्या पायरीतल्यासारखं हाताने सोडवलेलं एक उदाहरण. शेवटचं असलं की पुढचा माणूस पहिल्या अर्ध्या तासातच आपली एककं बरोबर आहेत की नाहीत ते ताडून पाहू शकतो.